वैकुंठातला खोकला

भुईगावच्या सावित्रीबाईंच्या अंगणात त्या रविवारी मुंगीला शिरायला वाव नव्हता. ओटीवर माणसं, तुळशीकट्ट्याभोवती माणसं, विहिरीच्या कठड्याला टेकलेली माणसं; ज्यांना आत शिरायला मिळालं नाही ती कुंपणावरून माना उंच करून उभी. नालासोपाऱ्याहून रिक्षा भरभरून लोक आले होते. विरारच्या टॉवरांतून गाड्या आल्या होत्या आणि त्या गावातल्या चिंचोळ्या गल्लीत अशा अडकल्या होत्या की पाववाल्याने सायकल उचलून खांद्यावर घेतली. आणि हे सगळं कशासाठी? तर ओटीवर टांगलेल्या एका पिंजऱ्यासाठी. पिंजऱ्यात राखाडी अंगाचा, लाल शेपटीचा एक म्हातारा पोपट एका पायावर उभा होता. छातीवरची पिसं त्याने स्वतःच उपटून टाकली होती, त्यामुळे तो अर्धवट सोललेल्या कोंबडीसारखा दिसत होता. भाविकांना मात्र त्याच्याभोवती तेज दिसत होतं.

पिंजऱ्याशेजारी पाटावर शुकानंद महाराज बसले होते. पोपटी कफनी, पोपटी फेटा, गळ्यात पोपटी मण्यांची माळ. मठ चिंचोटीच्या बाजूला. आधी कुठे होतात, असं विचारलं की ते "हिमालयात" म्हणत. नालासोपाऱ्याहून आलेल्यांपैकी दोघातिघांना ते स्टेशनबाहेर मोबाईलची कव्हरं विकताना आठवत होते, पण श्रद्धेच्या जागी असल्या आठवणी काढायच्या नसतात.

"भक्तहो," महाराजांनी सुरुवात केली, "कावळा म्हणजे आत्म्याचा पोस्टमन. आला तर आला, नाही तर नाही. पण पोपट? पोपट म्हणजे डायरेक्ट कॉल! टॉवर वैकुंठात, हँडसेट भुईगावात! ह्या घरचे मालक हरिभाऊ गेले, तेव्हा दहाव्याला कावळा शिवला का? नाही शिवला. का नाही शिवला? कारण आत्म्याला निरोप द्यायचा नव्हता, आत्म्याला बोलायचं होतं!"

"बोलायचं होतं!" गर्दी म्हणाली.

महाराजांनी कापूर ठेवला, काडेपेटी कानाशी नेली, आत काड्या आहेत की नाही हे बघावं तशी खुळखुळ वाजवली आणि काडी ओढली. कापूर पेटला. पोपटाने मान तिरकी केली. मग त्याच्या गळ्यातून बारीक, टोकदार आवाज निघाला.

"टीं… टीं… टीं…"

"घंटा!" एक बाई किंचाळली. "वैकुंठातली घंटा!"

पाठोपाठ खोकला आला. कोरडा, खोल, दोनदा. मग दम लागलेल्या, ओढत बोलणाऱ्या माणसाचा आवाज आला. तो आवाज गावातल्या प्रत्येकाच्या ओळखीचा होता.

"सावित्री, देवेशचं ऐक."

ओटीच्या खांबाला धरून उभ्या असलेल्या सावित्रीबाई खालीच बसल्या. त्यांचा मुलगा देवेश हात जोडून उभा होता, त्याचे डोळे मिटलेले होते. कुंपणापाशी उभी असलेली एक कोळीण कळवळून म्हणाली, "अगो, आधी पानी पाजा त्याला, पानी! घसा सुकलाय बिचाऱ्याचा."

पोपटाने मात्र अजून पुरतं बोलून घेतलं नव्हतं. महाराजांनी दिलेला अक्रोडाचा तुकडा त्याने पायात धरला आणि तोंडात टाकण्याआधी स्पष्ट म्हटलं, "आमेन."

गर्दी गोंधळली. वाडवडिलांपासून गणपती बसवणाऱ्या हरिभाऊंचा आत्मा आमेन कसा म्हणेल? महाराजांनी क्षणभर विचार केला आणि हात वर केले. "वर सगळे धर्म एकाच लायनीत असतात, भक्तहो! वरती भेदभाव नाही!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. चिकूच्या झाडाखाली उभ्या असलेल्या सालोमी टीचरने मात्र कपाळावर हात मारला. ते आमेन कुठून आलं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. कारण तो पोपट ह्या घरात तिनेच आणला होता.

सालोमी आणि सावित्रीबाई यांच्या वाड्या एकमेकींना लागून. मध्ये मेंदीचं कुंपण आणि त्या कुंपणात एक फट. दोघी सुना होऊन ह्या गावात आल्या तेव्हापासून त्या फटीतून इकडची केळी तिकडे, तिकडचा नाताळचा फराळ इकडे, अशी ये-जा चाललेली. घरात दोघींच्या बोली वेगळ्या, देव वेगळे. भांडण मात्र कधी झालं नव्हतं. सालोमी शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेली. रविवारी देवळात, म्हणजे चर्चमध्ये, मिस्सा चुकवायची नाही, आणि थापही ऐकून घ्यायची नाही. तिच्या स्वतःच्या नात्यातल्या एका घरी तसबिरीतून तेल पाझरायला लागलं, तेव्हा तसबिरीमागची बाटली तिनेच सगळ्यांसमोर काढली होती. ते नातेवाईक अजून तिच्याशी बोलत नाहीत.

हरिभाऊ गेले ते ऐन श्रावणात. त्यांच्या मागे सावित्री मुकी झाल्यासारखी झाली. वाडीत जायची, पानवेलीला पाणी सोडायची, परत येऊन ओटीवर बसायची. तिच्या मनात एकच काटा होता. दहाव्याला पिंड ठेवला, तासन्‌तास सगळे उभे राहिले, तिने मनातल्या मनात नाही नाही ती वचनं दिली, पण कावळा शिवला नाही. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि सगळे जेवायला गेले. सावित्रीच्या घशाखाली घास गेला नाही. यांची काहीतरी इच्छा राहिली, ती मला कळली नाही, हे तिच्या मनाने घेतलं. खरं म्हणजे त्या सकाळी पावसाळी मासेमारीबंदी उठल्यानंतरच्या पहिल्या बोटी आल्या होत्या आणि शेजारच्या कोळीवाड्यात मासळीचे ढीग पडले होते. पंचक्रोशीतले कावळे तिकडे मेजवानीला गेले होते. भाताच्या गोळ्याला कोण विचारतो! सालोमीने तेव्हाच हे सांगितलं होतं. सावित्रीने ऐकून सोडून दिलं.

मग दिवाळी झाली आणि सालोमीच्या नात्यातले आलोशियस मुलाकडे कॅनडाला निघाले. त्यांनी आखातातल्या नोकरीत असताना घेतलेला आफ्रिकेचा राखाडी पोपट, ऑस्कर, आता कुणाला द्यायचा? चाळिशीला आलेलं पाखरू, म्हाताऱ्या पोपटाला घर कोण देतं? सालोमीला वाटलं, सावित्रीला सोबत होईल. आपल्याकडचा हिरवा राघू पिंजऱ्यात ठेवणं गुन्हा आहे. ह्याचे मात्र सगळे कागद रीतसर होते. तिने स्वतः रिक्षातून पिंजरा आणला.

नवं घर म्हाताऱ्या पाखराला मानवलं नाही. ऑस्कर पिसं उपटायला लागला आणि बोलेनासा झाला. फक्त खाणं मिळालं की आलोशियसच्या घरची सवय म्हणून आमेन म्हणायचा. सावित्री त्याच्यापुढे बसून तासन्‌तास "राम राम" म्हणायची. तो तिच्याकडे बघत राहायचा. पण तिला बोलायला कुणीतरी मिळालं, हेच सालोमीला पुरेसं वाटलं. उन्हाळ्यात देवेश विरारहून आला आणि म्हणाला, "आई, चिंचोटीकडे एक महाराज आहेत, मुक्या प्राण्यांना बोलतं करतात. देऊन बघू त्यांच्याकडे." पिंजरा गेला. पावसाच्या तोंडावर परत आला तो हरिभाऊंचा आवाज घेऊनच.

आता ह्या आवाजाने नेमकं काय मागितलं होतं? देवेशचं ऐक, एवढंच. आणि देवेशचं म्हणणं काय होतं? वाडी एका बिल्डरला रिसॉर्टसाठी द्यायची, कोपऱ्यातली जागा महाराजांच्या मठाला सोडायची आणि आईने विरारला फ्लॅटवर येऊन राहायचं. हरिभाऊ जिवंत असेपर्यंत ह्या विषयाला घरात थारा नव्हता. "मी गेल्यावर माझ्या झाडांना विचार," असं ते मुलाला म्हणायचे. सावित्रीने त्यांच्यामागेही नकारच दिला होता. पण आता तेच बोलत होते. सर्वपित्री अमावास्येला, पितरांच्या साक्षीने, सगळ्यांसमोर करारावर सही करायची असं तिने कबूल केलं होतं. ज्या वाडीवर ती जगत होती आणि जिच्यामुळे सकाळी उठत होती, ती वाडी एका पोपटाच्या सांगण्यावरून जाणार होती.

गर्दी पांगल्यावर सालोमी फटीतून आत आली. सावित्री पिंजऱ्यासमोर बसली होती.

"सावित्री, एक विचारू? रागावू नकोस. तो दर वेळेला तेवढंच का बोलतो?"

"तेवढंच सांगायचं असेल."

"आणि खोकतो दर वेळेला दोनदाच, त्याच जागी. अगं, जिवंत माणूससुद्धा इतकं मोजून खोकत नाही. आणि शरीर सुटलं, दुखणं सुटलं, तर खोकला कसा राहिला? मेल्यावरसुद्धा औषध लागू पडलं नाही का?"

सावित्रीने तिच्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत तिने सालोमीकडे असं कधी बघितलं नव्हतं.

"चेष्टा करतेस त्यांची?"

"त्यांची नाही गं. ह्या पोपटी सोंगाची."

"तुमच्यात कावळा शिवत नाही, सालोमी. तुम्ही माणूस पुरता, फुलं ठेवता, मोकळे होता. तुला काय कळणार, वर्षभर माझ्या डोक्यात काय फिरत होतं ते? त्यांना काय पाहिजे होतं ते मला आत्ता कुठे कळलं. तू तुझ्या देवळात जा."

दुसऱ्या दिवशी कुंपणाच्या फटीत बाभळीचे काटे रचलेले होते.

सालोमीला त्या काट्यांचा फार राग आला. सावित्रीचा नाही, काट्यांचाही नाही, खरं तर त्या पोपटी फेट्याचा. माणसाचं दुःख कुठे उघडं पडलंय ते हेरून नेमकं तिथेच बोट घालणारी ही जात. बरं, जाब विचारायला जावं तर पुरावा काय? पुढच्या रविवारी ती गर्दीत मागे उभी राहिली आणि तिने पोपटाकडे बघायचं सोडून महाराजांच्या हातांकडे बघितलं. कापूर ठेवला. काडेपेटी कानाशी नेली. खुळखुळ. पोपटाने मान तिरकी केली ती कापूर पेटल्यावर नाही, खुळखुळ ऐकल्यावर. बोलून झालं की अक्रोड.

कोंबड्या! सालोमीला आपल्या अंगणातल्या कोंबड्या आठवल्या. आठवीच्या मुलांना ती दरवर्षी घरी आणायची आणि तांदळाचा डबा वाजवून दाखवायची. डबा वाजला की कोंबड्या धावत यायच्या. मग ती रिकामा डबा वाजवायची, तरी यायच्या. "कोंबडीला तांदूळ दिसत नाही, आवाज ऐकू येतो," ती सांगायची, "आणि आवाजाला ती भुलते." एका वर्षी ही गोष्ट सगळ्यांच्या आधी एका मुलाला कळली होती. टाळी वाजवून तो ओरडला होता, "म्हणजे टीचर, डबा ज्याच्या हातात, कोंबडी त्याची!" तो मुलगा देवेश होता.

हे आठवलं आणि सालोमीच्या मनात नको ती शंका आली. तरी तिने तो विचार झटकला. पोटचा पोर असं करणार नाही, असं तिने स्वतःला बजावलं.

त्याच आठवड्यात तिची नणंद फ्लॉसी पाय घसरून पडली आणि इस्पितळात ठेवावी लागली. सालोमी तिला भेटायला गेली. फ्लॉसी झोपली होती. शेजारच्या खाटेवर एक म्हातारे गृहस्थ होते, त्यांच्या छातीला वायरी लावलेल्या आणि उशाशी एक यंत्र. सालोमी स्टुलावर बसली, पर्स मांडीवर घेतली आणि एकदम ताठ झाली.

"टीं… टीं… टीं…"

वैकुंठातली घंटा सालोमीपासून हातभर अंतरावर वाजत होती. हरिभाऊंच्या उशाशी हेच यंत्र होतं; ती त्यांना भेटायला गेली होती तेव्हा तिने ते ऐकलं होतं. म्हणजे तो आवाज वरून आलेला नव्हता. तो त्या खाटेजवळ, हरिभाऊ खोकत असताना, कुणीतरी फोनमध्ये भरून घेतला होता. आणि त्या खाटेजवळ फोन घेऊन कोण बसत होतं, हे सगळ्या गावाला माहीत होतं.

अमावास्येला अंगणात मांडव होता. करार पाटावर, पेन करारावर, बिल्डरचा माणूस खुर्चीवर. देवेश नव्या सदऱ्यात होता. त्याची बायको राधिका स्वयंपाकघराच्या दारात उभी होती आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. सालोमी सरळ पुढच्या दाराने आली, कारण फटीत काटे होते.

"महाराज, मला हरिभाऊंना एक प्रश्न विचारायचाय," ती म्हणाली.

"आत्मा परक्यांशी बोलत नाही, बाई."

"ही परधर्माची बाई कशाला मध्ये?" गर्दीतून एक आवाज आला. दुसऱ्याने त्याला दुजोरा दिला. तिसऱ्याने त्याहून वाईट काहीतरी म्हटलं. सालोमी शेजारी म्हणून ज्यांच्या लग्नांत राबली होती, अशी माणसं त्यात होती.

"बोलू द्या तिला," सावित्री म्हणाली. आवाज कोरडा होता, पण म्हणाली.

सालोमी पिंजऱ्यासमोर उभी राहिली. "हरिभाऊ, तुमच्या लग्नात मी आहेर काय केला होता?"

पोपट गप्प.

"तुमच्या वाडीतला पहिला नारळ कुणी लावला?"

पोपटाने पंखाखाली चोच घातली.

"बघा!" महाराज गर्जले. "आत्मा संतापला! अविश्वासाचा वारा लागला!"

सालोमीने पर्समधून काडेपेटी काढली, कानाशी नेली आणि वाजवली.

"टीं… टीं… टीं…" दोनदा खोकला. "सावित्री, देवेशचं ऐक."

तिने अक्रोडाचा तुकडा दिला. "आमेन," पोपट म्हणाला.

तिने पुन्हा वाजवली. टीं टीं, खोकला, देवेशचं ऐक. पुन्हा वाजवली. पुन्हा तेच. मागे उभी असलेली पोरं हसायला लागली. मग मोठी माणसं हसायला लागली. ती कोळीण तर पोट धरून हसत होती. सगळ्या अंगणात फक्त घरची तीन माणसं आणि महाराज हसत नव्हते.

"ही काडेपेटी मी गावातल्याच दुकानातून आणली," सालोमी म्हणाली. "वैकुंठातून नाही. आणि ही टीं टीं तुमची घंटा नाही. इस्पितळात जा, आजाऱ्याच्या उशाशी वाजते ती. हा खोकला हरिभाऊंचा शेवटच्या दुखण्यातला. कुणीतरी तो आवाज भरून घेतला, ह्या मुक्या पाखरापुढे महिनाभर वाजवला आणि काडेपेटी वाजली की बोलायचं, बोललं की अक्रोड, असं त्याला लावून दिलं. पोपटाला ह्यातलं काही कळत नाही. त्याचा काही गुन्हा नाही."

महाराजांनी एव्हाना माळ उचलली होती आणि ते मागच्या दाराचा अंदाज घेत होते. पण सावित्री त्यांच्याकडे बघतच नव्हती. ती देवेशकडे बघत होती.

"तुझा फोन दे."

"आई, लोड घेऊ नकोस. टीचरना काय, सवयच आहे सगळ्यात मोडता घालायची."

"इस्पितळात मी बाहेर बाकावर बसले होते. तिसरा दिवस होता, पोटात काही नव्हतं. तू आतून आलास आणि फोन माझ्या कानाला लावलास. आठवतं? ते काय म्हणाले होते? पूर्ण सांग."

"आई, ते डिलीट झालं."

"माझ्यातलं नाही झालं." सावित्रीचा आवाज चढला नाही. "ते म्हणाले होते, सावित्री, देवेशचं ऐक, दोन घास खाऊन घे. मला वाटायचं, पोपटाच्या तोंडून येताना उरलेलं राहून गेलं असेल. त्यांना आता आठवत नसेल. मी त्यांनाच दोष दिला, देवेश. तू कापलंस ते."

देवेश काही बोलणार तेवढ्यात दारातून राधिका म्हणाली, "आई, ऑस्कर मठात नव्हताच. आमच्या बाल्कनीत होता. रोज सकाळ-संध्याकाळ हे पप्पांचा आवाज लावायचे. मी कुकरच्या शिट्ट्या घेत बसायचे, म्हणजे ऐकू येणार नाही." ती रडायला लागली.

देवेशने बायकोकडे बघितलं, मग आईकडे. मग तो सरळ सालोमीकडे वळला, आणि आता त्याचा चेहरा कुणी रंगेहाथ पकडलेल्या माणसाचा नव्हता, चिडलेल्या माणसाचा होता.

"तुम्हीच शिकवलंत ना, टीचर? तुमच्याच अंगणात. डबा वाजवून. आता कशाला तोंड वाकडं करता? आणि आई, तू पप्पांशिवाय कुणाचं ऐकलंस कधी? मी वर्षभर समजावतोय. म्हटलं, ठीक आहे, पप्पांच्याच आवाजात ऐक. तुझ्याच भल्यासाठी होतं."

सालोमीने आयुष्यभर मुलांना आवाजाला भुलू नका असं शिकवलं होतं, आणि तिच्या सगळ्यात हुशार विद्यार्थ्याने त्यातून भुलवायचं कसं तेवढंच घेतलं होतं.

सावित्रीने करारावरचं पेन उचललं. बिल्डरचा माणूस आशेने पुढे सरकला. तिने पेनाला टोपण लावलं आणि ते त्याच्या हातात दिलं.

"आज माझ्याकडे पितरांचं जेवण आहे," ती म्हणाली. "तमाशाचं नाही. सगळ्यांनी आपापल्या घरी जा."

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण लोक काही एवढ्या लवकर शहाणे होत नसतात. आठ दिवसांत गावात नवं शास्त्र निघालं: आत्मा खराच होता, पण टीचरने काडेपेटी लावून तो बाटवला. जे पोट धरून हसले होते त्यांतलेच निम्मे हे सांगत होते. सालोमी सावित्रीला म्हणाली, "पोलिसांत जाऊ. ह्या असल्या फसवणुकीसाठी कायदा आहे." सावित्रीने मान हलवली. महाराजांचं नाव घेतलं की देवेशचं नाव येणार होतं. शुकानंद महाराज त्यामुळे सुखरूप आहेत. हल्ली ते दुसऱ्या तालुक्यात असतात, कफनीचा रंग बदललाय, आणि प्रश्न विचारला की मान हलवणारा एक नंदी त्यांच्याजवळ आहे. तिथेही गाड्या अडकतात म्हणे.

देवेश येत नाही. राधिका मुलीला घेऊन कधीतरी येते आणि संध्याकाळच्या आत परत जाते. फटीतले काटे सावित्रीने स्वतःच्या हाताने काढले.

राहिला ऑस्कर. माणसाने कबुली दिली म्हणून पोपटाचा पाठ पुसला जात नाही. काडेपेटी वाजली की नवऱ्याचा खोकला आणि नवऱ्याचा आवाज, आणि रोज देवाजवळ दिवा लावायचा तर काडेपेटी हवीच. सावित्रीने काड्या लावायच्या सोडल्या. निरांजन ती आता गॅसच्या शेगडीवर वात धरून पेटवते. आलोशियसच्या ओळखीच्या कुणाकडे पाखरू देऊन टाकू का, असं सालोमीने विचारलं, तेव्हा सावित्री म्हणाली, "त्याने काय केलंय? त्याला जे लावलं ते तो बोलला. मी मात्र ऐकलं."

मग थंडीच्या दिवसांत तिने त्याला स्वतः शिकवायला घेतलं. राम राम नाही. एकच शब्द, रोज सकाळी, पानं खुडून झाली की पिंजऱ्यापुढे बसून. सालोमी फटीतून ऐकायची. म्हाताऱ्या पाखराला वेळ लागला. पिसं मात्र हळूहळू परत यायला लागली.

श्रावणात हरिभाऊंचं दुसरं वर्षश्राद्ध झालं. माणसं जेवून गेल्यावर सालोमी आत आली तर सावित्री पिंजऱ्यासमोर ताट घेऊन बसली होती आणि तिच्या हातात काडेपेटी होती. सालोमी दारातच थांबली.

खुळखुळ. टीं टीं. खोकला. "सावित्री, देवेशचं ऐक."

"दोन घास खाऊन घे," सावित्रीने उरलेलं वाक्य स्वतः पुरं केलं. आणि जेवली. जेवता जेवता रडली.

"ते नाहीत, हे मला माहितीय गं," ती सालोमीला म्हणाली. "हा पोपट आहे. पण आवाज त्यांचा आहे, आणि ते बोलले होते ते खरं बोलले होते. खोटं कुणी केलं ते मला कळतं. घाबरू नकोस, मला पुन्हा वेड लागणार नाही."

सालोमीने तिच्या ताटात भात वाढला.

तेवढ्यात फाटकाशी एक तरुण आला. हातात पत्रकं, कपाळाला भस्म. "मावशी, तुमच्या वाडीत गुप्तधन आहे. आमच्या गुरूंना झोपेत दिसलंय. एक छोटी पूजा…"

"कशावरून?" पिंजऱ्यातून आवाज आला. सावित्रीचाच आवाज, तिचाच ठसका.

तरुण दचकला. "म्हणजे… गुरूंना दृष्टान्त झाला…"

"कशावरून?"

"मावशी, हा पोपट…"

"कशावरून?"

तरुण पत्रकं खिशात घालत गल्लीत दिसेनासा झाला. ऑस्करने अक्रोडाची वाट बघितली. सावित्रीने दिला. तो आमेन म्हणाला.

आता वाचणाऱ्यांनी तरी एवढं लक्षात ठेवावं. पोपट स्वतःहून काही बोलत नाही. त्याला कुणीतरी पढवलेलं असतं, आणि पढवणाऱ्याला त्यातून काहीतरी पाहिजे असतं. आवाज ओळखीचा आहे, माणूस आपला आहे, गर्दी मोठी आहे, ह्यातलं काहीही पुरावा नाही. फसवणारा परकाच असेल असंही नाही, आणि शिकलेला माणूस फसवणार नाही असं तर मुळीच नाही. दुःखात असताना आपल्याला कुणीही काहीही सांगू शकतं, म्हणून तेव्हा तर "कशावरून?" हा प्रश्न हमखास विचारावा. भुईगावच्या एका पिसं झडलेल्या म्हाताऱ्या पोपटाला तो विचारता येतो. सावित्रीने तो विचारला तोवर वाडी वाचली होती, पण मुलगा दुरावला होता.